एकशे बारा तुकडे

दीनाआत्या गेल्याची बातमी मला पावामुळे कळली. महिन्याचा पहिला रविवार होता, मी सातपूरला कारखान्यात पहिल्या पाळीला होतो आणि आमच्या पाळकसाहेबांचा, म्हणजे पास्टरांचा, फोन आला. "अनिलराव, सलाम. घंटा होऊन गेली, पाव अजून आला नाही. दीनाबाई कधी उशीर करत नाहीत, म्हणून म्हटलं..." मी स्कूटरवरून पोचलो तोवर शेजारणीनं दार उघडलं होतं. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी आत्या खुर्चीत बसलेली, समोर फळीवर अर्धा कापलेला पाव आणि सुरी बाजूला, पात्याची धार भिंतीकडे करून ठेवलेली. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. तिनं आधी सुरी नीट ठेवली आणि मगच त्याला परवानगी दिली, असं मला वाटत राहतं.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. शाळेत मुलींना गणित शिकवून निवृत्त झालेली, लग्न न केलेली, आणि आमच्या देवळात प्रभुभोजनाची तयारी करणारी. आम्ही मराठी ख्रिस्ती माणसं चर्चला देऊळच म्हणतो. नवा शेजारी जरा चमकतो, मग त्यालाही सवय होते. प्रभुभोजन म्हणजे येशूनं शिष्यांबरोबर घेतलेल्या शेवटच्या जेवणाची आठवण. महिन्यातून एकदा प्रत्येकाला पावाचा छोटा चौकोनी तुकडा आणि बोटाएवढ्या पेल्यातून द्राक्षरस. शास्त्रात भाकर म्हटलंय, आमच्याकडे कोपऱ्यावरच्या बेकरीचा पाव चालतो. द्राक्षरस मात्र आत्या घरीच करायची. नाशकात राहून रस विकत आणणं तिला नामुष्कीचं वाटे. हंगाम संपताना काळी द्राक्षं आणायची, उकळायची, फडक्यातून गाळायची आणि वर्षभराच्या बाटल्या भरून ठेवायच्या.

नव्वदच्या सुमाराला एकदा हे काम तिनं माझ्यावर सोपवलं. मी तेव्हा स्वतःला इंजिनियर समजत होतो. रस कोमट झाला, वर फेस आला, म्हणजे उकळला असं माझं शास्त्र. जुलैच्या प्रभुभोजनात पहिल्या बाकावरच्या पंचांनी, म्हणजे मंडळीच्या कारभाऱ्यांनी, पेला तोंडाला लावला आणि भुवया उंचावल्या. आमची मंडळी कट्टर दारूबंदीवाली. पण पेले सगळ्यांचे रिकामे झाले. त्या दिवशी शेवटचं गीत तेवढं जरा जास्त उत्साहानं म्हटलं गेलं. एका आजोबांनी बाहेर पडताना आत्याला हळूच विचारलं, "बाई, पुढच्या महिन्यात हीच बाटली का?" आत्यानं घरी येऊन राहिलेल्या सगळ्या बाटल्या मोरीत ओतल्या आणि मला म्हणाली, "रस अर्धा उकळलास. तुझा विश्वासही तसाच आहे, अर्धा उकळलेला." मी हसलो. ती हसली नाही.

तिचं निदान चुकलं नव्हतं. मी देव सोडला असं काही घडलं नाही. सोडण्यासाठी निदान एक भांडण तरी व्हावं लागतं. माझं एवढंच झालं, की आमच्या कारखान्याला सुट्टी शनिवारची आणि रविवारी काम. देवळात जाणं आधी पाळीमुळे चुकलं, मग सवयीनं. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात रविवारची सकाळ मोकळी असे, हे आत्याला माहीत होतं. तिला माहीत आहे, हे मलाही माहीत होतं. एकदा बऱ्याच वर्षांनी प्रभुभोजनाला बसलो. आमच्यात आधी स्वतःला तपासून मग घ्यावं असं बजावतात. मी तपासलं आणि आत काही सापडेना. ताट आलं, ते मी शेजाऱ्याकडे सरकवलं. बाजूच्या खोलीच्या दारातून आत्या बघत होती.

देवळात न येणारा मी एकटाच असतो तर तिनं मला सरळही केलं असतं. पण मंडळीतली तरुण मुलं पुण्याला गेली, दुबईला गेली. जी उरली त्यांतली काही भाड्याच्या हॉलमधल्या नव्या मंडळ्यांत जाऊ लागली. तिथं ड्रम, कीबोर्ड, टाळ्या. आत्या एकदा पाहून आली. "आवाज फार," म्हणाली. "देवाला ऐकू येत नाही असं वाटतं का त्यांना?" मग म्हणाली, "पण हॉल भरला होता रे..."

आमच्या देवळात यादीवर एकशे बारा नावं होती आणि बाकांवर चाळीस माणसं. आत्या तुकडे कापायची एकशे बारा. अर्पण झालेला पाव टाकायचा नाही हा तिचा नियम, म्हणून उपासना संपली की बाजूच्या खोलीत स्टुलावर बसून उरलेले सगळे एकटी खायची. जे संपत नसत ते डब्यात भरून घरी न्यायची आणि सोमवारी त्यांचाच नाश्ता. आमच्या घरात ती थट्टाच झाली होती. आत्याला पाव भारी आवडतो. तिच्या वाढदिवसाला माझ्या मुलीनं तिला रिबीन बांधून पावाची लादी दिली होती. आत्यानं ती हसून घेतली.

माझं काम एवढंच, की पहिल्या रविवारच्या आदल्या दिवशी, म्हणजे माझ्या सुट्टीच्या शनिवारी, बेकरीतून पाव आणून द्यायचा. विश्वास नसला तरी स्कूटर होती. त्या शेवटच्या शनिवारीही गेलो. तिची साखर वाढली होती, पायांवर सूज होती.

"आत्या, चाळीस येतात. पन्नास काप."

"यादीत एकशे बारा आहेत."

"ते येत नाहीत."

"येणार नाहीत असं कुणी मला येऊन सांगितलेलं नाही. तू सांगितलंयस का कधी?"

मी बेकरीच्या पिशवीची घडी करत बसलो.

"डॉक्टरांनी पाव बंद सांगितलाय ना तुला?"

"मग ये की उद्या. तुझा तेवढा तू खा. म्हातारीचा एक घास तरी कमी होईल."

"खोटं घेऊ का, आत्या?"

तिनं पाव फडक्यात गुंडाळून ठेवला. मग म्हणाली, "खोटं घेऊ नकोस. पण तुझा तुकडा कापायचा की नाही, ते मी ठरवणार."

"उद्या पहिली पाळी आहे. पुढच्या महिन्यात बघू," मी म्हणालो. पाळी खरंच होती. बदलून मिळाली असती, हेही खरं होतं.

त्या रविवारी प्रभुभोजन झालं नाही. दफनविधीनंतर पाळकसाहेबांनी विचारलं, पुढच्या महिन्यापुरती तयारी कराल का? मी म्हणालो, माझं सगळं तुम्हाला ठाऊक आहे. ते म्हणाले, "दीनाबाईंनाही ठाऊक होतं. पाव तुमच्याकडूनच मागवायच्या ना?"

परवाच्या पहिल्या रविवारी मी रजा टाकली. तिच्याच टेबलाशी बसून तिच्याच सुरीनं पाव कापला. यादीतून तिचं नाव गेलं होतं, म्हणजे एकशे अकरा व्हायला हवे होते. मी एकशे बारा कापले. कपाटातून तिच्या हातची शेवटून दुसरी बाटली काढली. रस पूर्ण उकळलेला होता.

उपासनेला अडतीस माणसं होती. मी बाजूच्या खोलीच्या दारात, ती उभी राहायची तिथं उभा होतो, त्यामुळे माझ्यापर्यंत ताट आलंच नाही. सगळे गेल्यावर मी स्टुलावर बसलो. ताटात चौऱ्याहत्तर तुकडे. टाकायचे नाहीत. त्यांत एक माझा होता आणि एक तिचा. कुठला कुठला ते कळायला मार्ग नव्हता, म्हणून कडेपासून सुरुवात केली. खरं घेतलं की खोटं, हे मला आजही सांगता येणार नाही. दहाव्या-बाराव्या तुकड्यानंतर तोंड कोरडं पडतं, घास फिरत राहतो, पाणी प्यावं तर पोट भरतं आणि ताट तसंच दिसतं. वीस वर्षं ती हे करत होती, आणि आम्हाला वाटायचं, तिला पाव आवडतो.