माझी संध्याकाळ, तिची सकाळ

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. माझ्या लेकीचं झालं अमेरिकेत. मला व्हिसा मिळाला नाही, मग मी डिंकाचे लाडू कुरियरने पाठवले आणि देवापुढे बसून राहिले. टाळू भरणं, शेक-शेगडी, पायावर घेऊन न्हाऊ घालणं, सगळं राहून गेलं.

तेव्हापासून एकच गोष्ट मनात धरली होती. नातीला एकदा तरी माझ्या मांडीवर, माझ्या आवाजात झोपवायचं. मी सणसरच्या अंगणवाडीत उभा जन्म काढलाय. अर्ध्या गावाला मी थोपटून झोपवलंय, त्यातले काहीजण आता उसाची ट्रॉली ओढताना ट्रॅक्टरवरून मला हात करतात. आणि माझी सख्खी नात मला ठाऊक होती ती मोबाईलच्या काचेतून.

फोन रोज दिवेलागणीला यायचा. आपली संध्याकाळ ती त्यांची सकाळ. दिवा लावून झाला की मी फोन तांब्याला टेकवून उभा करायची आणि ओवी म्हणायची. चाल माझ्या माहेरची, पळसदेवची, आईची. शब्द माझेच जुळवलेले.

उसाच्या पानावर चांदणं सांडलं,
झोप गं माझे बाई, शिवार निजलं.

तिकडे नात दुधाची बाटली धरून माझ्याकडे टुकूटुकू बघायची. "आई, तुझा आवाज आला की ही बाटली संपवते बघ," लेक म्हणायची. मला वाटायचं, जमलं. पोरीच्या कानात आपण बसलो.

नात दोन वर्षांची झाल्यावर दोघी पहिल्यांदा आल्या, थंडी सरत असताना. दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला तेव्हा पोर लेकीच्या खांद्यावर गाढ झोपलेली. दिवसभर बाया येत होत्या, झोपलेलं लेकरू बघून जात होत्या. लेक उठवायला गेली की कुणीतरी तिचा हात धरायचं. "आगं, झोपल्यालं लेकरू उठवू न्हाय." मीही त्यातच होते. त्यामुळे दिवस मावळेपर्यंत पोर झोपली आणि सगळं गाव निजल्यावर टक्क जागी झाली. रात्रभर तिला अंगणात जायचं होतं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. शेळगावहून माझी जाऊ आली, तिने मीठमिरच्यांनी दृष्ट काढली. मिरच्यांच्या खाटाने आम्ही सगळे खोकून बेजार झालो, आणि पोर टाळ्या पिटत होती.

आमच्या मालकांना मात्र याचं काहीच वाटत नव्हतं. त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची होती, ते बॅटरी घेऊन मोटर चालू करायला निघत आणि नात त्यांना दारापर्यंत सोडायला जाई. "पोरीचं काय चुकलंय?" ते म्हणायचे. "आमी बी एक आठवडा दिवसा झोपतो, एक आठवडा रात्री. हितं समद्यांनाच जेट लॅग हाय."

बारामतीच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं ते साधंच होतं. सकाळी उठवा, उन्हात न्या, दुपारी थोडंच झोपू द्या, जेवण इथल्या वेळेला. रात्री उजेड नको, खेळ नको. सवयीचं काही असेल तर झोपताना तेच करा.

सवयीचं! माझा ऊर भरून आला. त्या रात्री मी लेकीला म्हणाले, तू आज बाजूला हो, आज मी बघते. खोलीत अंधार केला. पोरीला मांडीवर घेतलं, तीही जड होऊन माझ्यावर टेकली. डोळे मिटत आले होते. दोन वर्षं जिची वाट बघितली ती घटका आली असं वाटलं, आणि मी ओवी सुरू केली.

ती ताडकन उठून बसली. डोळे लख्ख उघडे. "दूद," म्हणाली. मग मांडीवरून उतरली आणि अंधारात चाचपडत उशाखालचा मोबाईल शोधून आणला. तो उलटा-सुलटा करून बघू लागली. "आजी? आजी?"

मी तिथेच बसले होते. ती मला मोबाईलमध्ये शोधत होती.

लेकीने दिवा लावला. तिने पोरीला जवळ घेतलं. मग हळूच म्हणाली, "आई, तू रागावू नकोस. तुझा आवाज म्हणजे तिची सकाळ गं. रात्री तू गाऊ नकोस."

मी रागावलेच. लेकीवर, त्या फोनवर, विमानावर, आणि ज्याने पृथ्वी गोल केली त्याच्यावर. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी कुणाशी धड बोलले नाही, भाकरी जास्तच जोरात थापत राहिले. मालक एवढंच म्हणाले, "परात चेपंल." पण अंगणवाडीची बाई किती रुसणार? लेकरू कशाने उठतं नि कशाने झोपतं हे बघण्यातच तर जन्म गेला. आवाज सकाळचा असेल तर सकाळीच वापरायचा.

मग रोज उजाडताना मी तिच्या उशाशी बसून ओवी म्हणू लागले. शिवार निजलं म्हणून गायचं आणि पोरीला उठवायचं, हसावं की रडावं कळत नव्हतं. ती मात्र पहिल्या ओळीलाच डोळे उघडायची. सुरुवातीला मोबाईल शोधायची, मग एका सकाळी तिने माझ्या गालावर हात ठेवला आणि खरंच आहे का ते दाबून बघितलं. तिथून पुढे आम्ही दोघी कालव्याच्या कडेने उन्हात फिरायचो. एकदा पळसदेवला नेऊन उजनीच्या पाण्यावरच्या होड्या दाखवल्या, बगळ्यांच्या मागे पळवलं. दुपारी डोळे मिटायला लागले की मी गायची. आठवडाभरात तिची झोप जागेवर आली.

रात्री ती आईला बिलगून झोपायची. मी दुसऱ्या अंगाला पडून तोंडातून आवाज न काढता तिला थोपटायची. ओठ आपोआप हलायचे, ते दाताखाली धरायची. अंधारात तो हात कुणाचा हे तिला कळत होतं की नाही, देव जाणे. विचारणार कुणाला?

त्या गेल्या. जाताना गाडीत नात झोपलेलीच होती, आणि झोपलेल्या लेकराचा मुका घेत नाहीत, म्हणून मी नुसता तिचा पाय धरून ठेवला.

तिकडे पोहोचल्यावर पुन्हा तेच, दिवस-रात्र उलटी. मला ठाऊक होतं, म्हणून मी फोन करत नव्हते. एका सकाळी मी अंगण झाडत होते, तेव्हा लेकीचाच आला. तिची रात्र. चित्रात अंधार, आणि त्यात नातीचा रडवेला चेहरा.

"आई, काही बोलू नकोस," लेक कुजबुजली. "ही झोपत नाहीये. कधीची आपल्याच मांडीवर हात आपटतीय आणि आजी आजी म्हणतीय. मला आत्ता कळलं, ती तुझा हात मागतीय."

मी झाडू टाकला. ओट्यावर बसले, फोन तांब्याला टेकवला आणि फोनसमोर स्वतःच्याच मांडीवर थोपटायला लागले. हळूहळू, अंगणवाडीत थोपटायची तशी. एवढ्यात मालक रानातून आले. "सकाळच्या पारी काय चाललंय?" मी ओठांवर बोट ठेवलं. ते चपला काढून, पाय न वाजवता शेजारी येऊन बसले.

नात माझ्या हाताकडे बघत होती. बघता बघता तिच्या पापण्या मिटल्या, तोंड थोडं उघडं राहिलं. दोन वर्षं मी एवढंच मागितलं होतं, आणि ते मिळालं तेव्हा माझी मांडी रिकामी होती. मी थोपटत राहिले.