साध्या पाण्याचे एकोणचाळीस ठोके

प्रयोगशाळेत तिला सगळेच वहिनी म्हणत, कारण तिथले प्रोफेसर तिचे सख्खे धाकटे दीर. 'दिराच्या वशिल्यानं चिकटली' ही कुजबुज अकरा वर्षं चालू होती. कुजबुजणाऱ्यांना एक काचेची नळी न फोडता धुता येत नसे, ते सोडा.

आज मात्र वहिनी नोंदवही मिटून बसली होती. चार वाजता पाहुणे येणार आणि दीर त्यांना सांगणार, की जड पाण्यात, म्हणजे ड्यूटेरियमच्या पाण्यात, वीज सोडली की नुसत्या रसायनक्रियेतून न्यूट्रॉन निघतात! न्यूट्रॉनचं मोजणीयंत्र एरवी मिनिटाला चार ठोके देई. भांडं तापलं की चाळीस. नोंदवहीत सही मात्र मोजणाऱ्या वहिनीची हवी होती.

"करा की सही, वहिनी. साडेतीन वाजले."

"सही काय पळून चाललीय? भावोजी, रसायनात अणूंची देवाणघेवाण बाहेरच्या बाहेर होते, हे तुम्हीच शिकवलंत. न्यूट्रॉन बसलाय पार गाभ्यात. तिथवर हात पोचला कसा?"

"तेच तर नवल!"

"साधं पाणी घालून पाहिलंत?"

दीर ताडकन उठले. "त्या भांड्यात? साधं पाणी?"

साधं पाणी मिसळलं की जड पाणी वाया, म्हणून त्या भांड्याला ओला हात लावायचीही बंदी. ती इतकी अंगवळणी पडली होती, की साध्या पाण्यानं ताळा पाहायचं एकाही शहाण्याला सुचलं नव्हतं.

बोलावं तर नोकरी जाणार, घरात अबोला होणार. गप्प बसावं तर उद्या दिराचं जगभर हसं. वहिनीनं बाह्या सरसावल्या, जड पाणी बाटलीत ओतलं आणि भांडं सरळ नळाखाली धरलं.

"वेड लागलंय का तुम्हाला?"

"ओरडा नंतर. आधी मोजा."

वीज सुरू झाली. चार. चार. पाच. दिरांनी सुटकेचा श्वास सोडला. मग भांडं तापलं, वाफ यंत्राच्या तारेच्या जोडावर बसली आणि यंत्र तडतडू लागलं. एकोणचाळीस.

वहिनीनं फडक्यानं जोड कोरडा केला. पुन्हा चार.

दीर पांढरेफटक पडले. जिन्यात बुटांचा आवाज आला. फळ्यावर त्यांनी सकाळीच टपोऱ्या अक्षरांत आपला शोध लिहून ठेवला होता.

"ते फडकं द्या इकडं," ते म्हणाले आणि फळा पुसू लागले. "पाहुण्यांसमोर हेच पुन्हा करून दाखवाल?"

"दाखवीन. आणि सही?"

"करा. आकडा एकोणचाळीसच लिहा. पाणी साधं, तेही लिहा."

दार वाजलं. वहिनीनं पेनाचं टोपण काढलं.