शमूने न मानलेले आभार

"हे गेले, भावजी," मार्थावहिनी फोनवर एवढंच म्हणाल्या. मग फोन नुसताच चालू राहिला... पलीकडून बारीक टकटक ऐकू येत होती. गोठ्यातल्या फरशीवर शेळ्यांची खुरं वाजत होती. त्या घरात तो आवाज मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता, आणि शमू खरंच गेला हे मला वहिनींच्या शब्दांपेक्षा त्या आवाजानं पटलं.

जामखेडच्या शाळेत शमुवेल आणि मी एका बाकावर बसायचो. पुढं मी भूगोलाचा मास्तर झालो, तो शुगर फॅक्टरीत जनरेटर मेकॅनिक. मी जन्मभर मुलांना नकाशावर उत्तर ध्रुव दाखवत राहिलो आणि हा पठ्ठ्या तिथं जाऊन आला! ध्रुवाजवळच्या एका बेटावर संशोधन केंद्र होतं. तिथली यंत्रं कडाक्याच्या थंडीत चालू ठेवणारा माणूस हवा होता. कुणीतरी याचं नाव सुचवलं आणि एका हिवाळ्यापुरता तो गेला. परत आला तो निम्मा होऊन, आणि दोन खोडी घेऊन. गोठ्यातल्या शहाबादी फरशीवर तो रोज गोणपाटं अंथरायचा. आणि आमच्या भागात पाऊस आला की घरातलं प्रत्येक भांडं पन्हळीखाली जातं, तसं याच्याही घरी जायचं. पण हा आधी प्रत्येक पातेल्याच्या तळाला फडक्याची घडी ठेवायचा. थेंब वाजू नये म्हणून! मी त्याची टर उडवायचो, "शेळ्यांना गालिचे, पातेल्यांना गाद्या, थाट आहे बुवा." तो हसायचा नाही. "आवाज नगं वाटतो," एवढंच म्हणायचा.

मग ते कोरडं वर्ष आलं. ऑगस्ट संपला तरी विहिरी तळाला, गावात टँकर. चर्चमध्ये दर रविवारी पावसासाठी प्रार्थना व्हायची. सप्टेंबरात एकदाचा दोन दिवस धो धो कोसळला. त्या रविवारी चर्च गच्च भरलं होतं. पाळकसाहेबांनी आभाराची प्रार्थना चर्चचा कारभार पाहणाऱ्या पंचांतल्या सर्वांत जुन्याला, म्हणजे शमूला सांगितली. तो उठला, बाकाची कड घट्ट धरली, डोळे मिटले... आणि बोललाच नाही. मिनिट गेलं, दोन गेली. दाराशी ठेवलेल्या छत्र्यांचं पाणी ठिबकत होतं. तो खाली बसला. बाहेर आल्यावर चारचौघांत मी त्याला म्हणालो, "कृतघ्न आहेस तू शमू." मला राग येतो तो पटकन जात नाही, हा माझा जुना दोष. कितीतरी महिने मी त्या घराची पायरी चढलो नाही.

यकृताच्या दुखण्यानं त्याला अंथरुणाला खिळवलं तेव्हा वहिनींनी मला बोलावून घेतलं. भिंतीकडं बघत शमू बोलू लागला.

"हिवाळ्यात तिकडं सूर्य उगवतच न्हाई. भर दुपारी काळाकुट्ट अंधार. आन् एके दिवशी पत्र्यावर पाऊस वाजाया लागला. मला वाटलं, जामखेडातच हाय मी. किचनमधली समदी पातेली भाईर नेऊन मांडली. गुडघ्यावर बसलो आन् मोठ्यानं आभार मानलं. तिथली शास्त्रज्ञ पोरगी दारात हुभी. रडकुंडीला आल्ती."

त्या मुलीनं त्याला नंतर समजावलं होतं. जो समुद्र हिवाळाभर गोठलेला असायचा तो आता उघडा राहतो, त्याची वाफ वर जाते, दक्षिणेकडून ऊबदार वारा येतो, आणि जिथं बर्फ भुरभुरायचा तिथं पाणी पडतं. दोन दिवसांनी थंडी परतली. बर्फावर पडलेलं पाणी दगडासारखं घट्ट झालं आणि त्याखालचा चारा कुलूपबंद झाला.

"तिथं बुटकी हरणं असत्यात. खुरांनी बर्फ उकरून खात्यात. ती चाऱ्यासाठी घराभवती आली. अंधारात दिसायची न्हाईत, निस्ता आवाज. टक्... टक्... आठ दिस. मग कमी कमी हुत गेला. आपल्याकडं पाऊस न्हाई म्हनून जनावरं मरत्यात. तिथं पाऊस पडला म्हनून मेली, मास्तर. आन् मी त्याचं आभार मानलं हुतं."

'चुकलो शमू' असं मला म्हणायचं होतं. मी म्हणालो, "चहा घेतोस का थोडा?" त्याचं मला आजही वाईट वाटतं. चार दिवसांनी फोन आला.

त्याला पाच आठवडे झाले. गेल्या आठवड्यात मी वहिनींकडं गेलो होतो. ज्वारी काढून शेतात पडलेली, पावसाचे दिवस नव्हेत, तरी आभाळ भरून आलं आणि सर सुरू झाली. वहिनींनी सवयीनं पातेली ओळीनं मांडली, प्रत्येकात फडक्याची घडी. पन्हळीचं पाणी त्यांत पडत होतं आणि आवाज म्हणून नव्हता. त्या म्हणाल्या, "भावजी, तुमी तरी आभार म्हना. ह्यांचं ऱ्हायलंय."

मी हात जोडले. समोर कुंपणापलीकडं कडबा भिजत होता. भिजला की काळा पडतो, मग जनावर त्याला तोंड लावत नाही. जोडलेले हात मी तसेच खाली घेतले. बाकाची कड धरून उभा असलेला शमू मला पहिल्यांदा नीट दिसला. तेवढ्यात गोठ्यातून आवाज आला. टक्... टक्...

गोणपाटं धुऊन पडवीतल्या दोरीवर टाकलेली होती. मी गोठ्यात डोकावलो. दोन्ही शेळ्या कोपऱ्यात बसून रवंथ करत होत्या. आवाज मात्र येतच होता. वहिनींना मी काही बोललो नाही. दोरीवरची ओली गोणपाटं काढली, फरशीभर अंथरली, आणि आवाज थांबेपर्यंत तिथंच उभा राहिलो.