सिम नसलेले फोन

१४ ऑक्टोबर, मंगळवार. हातातलं काम: बारा फोन. पुसायचे, चार्ज झालेत का बघायचे, मग एकेकावर आमचं ॲप उघडून ऑर्डर टाकायची, पत्ता बदलायचा, शेवटच्या पानापर्यंत जायचं, ऑर्डर कुठल्या पत्त्यावर गेली ते बघायचं आणि ती रद्द करायची. चार वाजेपर्यंत.

तारीख पक्की आहे, कारण वहीत लिहिलेली आहे. मी अजून वहीत लिहिते. ऑफिसात त्यावरून हसतात, हसू देत.

आमची कंपनी आजारी माणसाला घरी लागणाऱ्या वस्तू ऑनलाइन विकते. वॉकर, हवेच्या गाद्या, मोठ्यांचे डायपर, ड्रेसिंगचं सामान. ऑफिस अंधेरी पूर्वेला, एका इंडस्ट्रियल इस्टेटच्या तिसऱ्या मजल्यावर. खालच्या गाळ्यात पुठ्ठ्याचे खोके बनतात. मी टेस्टर आहे. ॲपमध्ये काहीही नवीन जाण्याआधी गिऱ्हाईक ज्या ज्या चुका करू शकेल त्या मी आधी करून बघते, आणि सगळं ठीक वाटलं तर सही करते. सही म्हणजे कॉम्प्युटरवरचं एक बटण. ते दाबल्याशिवाय काही बाहेर जात नाही, आणि दाबल्यावर जे बाहेर गेलं ते माझं.

त्या दिवशी मी एक चूक शोधत होते जी मला सापडायलाच हवी होती.

आमची घाटकोपरची इमारत दीड वर्षापूर्वी पाडली. नवी होईपर्यंत आम्ही मुलुंडला भाड्याने राहतो: मी, नवरा, सासू आणि अंथरुणाला खिळलेले सासरे. सासऱ्यांचं सामान सासूबाई आमच्याच ॲपवरून मागवायच्या. त्या पालिकेच्या शाळेत गणित शिकवायच्या. एकोणऐंशी वर्षांच्या आहेत, फोन त्यांना चांगला येतो, आणि सामान संपायच्या चार दिवस आधी ऑर्डर टाकायची हा त्यांचा नियम. सप्टेंबरच्या शेवटी त्यांनी मागवलेले डायपर मुलुंडला न येता घाटकोपरला गेले. तिथे आता पत्र्याचं कुंपण आहे आणि एक वॉचमन. नवरा जाऊन घेऊन आला, आम्ही हसलो. दहा दिवसांनी पुन्हा तेच. सासूबाई म्हणाल्या, "मी पत्ता मुलुंडचाच टाकला होता."

मी म्हटलं, "आई, ॲप चुकत नाही. पत्त्याचं पान मी स्वतः तपासलंय."

हे वाक्य मी बोलले. एकदा नाही, दोनदा.

शनिवारी तिसऱ्यांदा झालं, आणि ह्या वेळी ऑर्डरही चार दिवस आधी न जाता आयत्या वेळी गेली होती. खोका वॉचमनकडेही मिळाला नाही, घरातले डायपर संपले, आणि रविवारी मी जुन्या सुती साड्या फाडून घड्या केल्या. सासऱ्यांच्या पाठीची जखम जेमतेम सुकत आली होती, ती पुन्हा ओली झाली. नवऱ्याने सासूबाईंच्या हातातून फोन काढून घेतला आणि कपाटात ठेवला. जेवताना मला म्हणाला, "गेल्या महिन्यात गॅस चालू ठेवला होता. आता हे. मी बुधवारची अकराची वेळ घेतलीय. डोक्याच्या डॉक्टरची."

सासूबाई आत सगळं ऐकत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "माका सतराचो पाढो विचार. आत्ता विचार." रागावल्या की त्या मालवणीवर जातात. नवऱ्याने पाढा विचारला नाही. त्यांनी स्वतःच म्हणून दाखवला, एकशे सत्तरपर्यंत, सासऱ्यांच्या उशाशी उभं राहून.

म्हणजे प्रश्न साधा होता. एकतर ॲप चुकत होतं, नाहीतर त्या. मला ॲपची चूक हवी होती. सव्वीस वर्षांच्या नोकरीत मला कुठल्याही वस्तूत बिघाड निघावा असं इतकं कधी वाटलं नव्हतं.

सोमवारी मी तक्रार नोंदवली. मंगळवारी सकाळी ती बंद झालेली दिसली. शेरा: परत घडत नाही. ज्याने पत्त्याचं पान लिहिलं तो डेव्हलपर माझ्यापासून तीन टेबलं सोडून बसतो. मी उठून गेले.

"बंद का केलीस रे?"

"ताई, स्टेप्स दे ना. काय केलं की होतं ते सांग. स्टेप्स नाहीत तर बग नाही, हे तूच मला शिकवलंस."

"तीनदा झालंय."

"कोणाकडे? तुझ्या घरी. एकाच फोनवर, एकाच बाईकडून. एवढ्या लोकांनी ऑर्डरी टाकल्या, एकाची तरी तक्रार आलीय?"

"म्हातारी माणसं तक्रार करत नाहीत. मुलं म्हणतात तुझंच चुकलं, ती गप्प बसतात."

"हे स्टेप्समध्ये कुठे लिहू?" तो म्हणाला. मग माझा चेहरा बघून आवाज खाली आणला. "युजरची चूक असं लिहिलं नाहीये मी. नुसतं 'घडत नाही' लिहिलंय. तुझ्यासाठीच."

ते मला जास्त लागलं.

त्या दिवशी दिवाळीच्या सेलसाठीची शेवटची आवृत्ती जायची होती. ती गेली की दिवाळी संपेपर्यंत ॲपला कोणी हात लावणार नव्हतं. म्हणजे चार वाजेपर्यंत सापडलं तर सापडलं.

मी बारा फोन मांडले. जुना पत्ता 'मुख्य' म्हणून ठेवला, सासूबाईंच्या फोनवर आहे तसा. तो काढून टाका म्हणून मी त्यांना सांगितलं होतं, त्या म्हणाल्या होत्या, "का काढू? आपण परत तिथेच जाणार आहोत ना?" मग मुलुंडचा पत्ता निवडून ऑर्डर. मुलुंडला गेली. नेट मंद करून. मुलुंड. अक्षरं सगळ्यात मोठी करून, कारण त्यांची तशी असतात. मुलुंड. बटण दोनदा दाबून, मागे जाऊन पुढे येऊन, फोटोंमध्ये डोकावून परत येऊन, बॅटरी संपत आलेली ठेवून. दुपारी डबा उघडला नाही. वहीत रेघा मारत गेले, पाच झाल्या की आडवी. साठाच्या पुढे मी रेघा मोजणं सोडलं, नुसतं करत राहिले. प्रत्येक वेळी मुलुंड. बारा फोन ओळीने सांगत होते की ॲप बरोबर आहे, आणि मी त्यांच्यावर चिडत होते.

पावणेचारला मॅनेजर आली. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, कामाला चोख. "काही अडलंय?"

"पत्त्याचं ते."

"घडलं का परत?"

"नाही."

"मग मी काय करू, सांगा. तुम्ही माझ्या जागी असतात तर थांबवलं असतंत?"

नसतं थांबवलं. मी खरं तेच सांगितलं. चार वाजून दोन मिनिटांनी मी बटण दाबलं.

बटण दाबून हात टेबलावरच ठेवून बसले. आता सासूबाईंच्या डोक्यात बिघाड आहे असं मीच सही करून सांगितलं होतं. नवऱ्याचा मेसेज आला, उद्या रजा टाकलीस ना. मी हो लिहिलं. बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि थोडा वेळ तिथेच उभी राहिले. नळ बंद करून बाहेर आले, फोन चार्जरला लावले, निघाले.

घरी पोचले तेव्हा सासूबाई पालेभाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "झालं तपासून?"

"झालं."

"मग?"

"ॲपमध्ये काही सापडलं नाही, आई."

"मग माझ्यात सापडेल उद्या." त्यांनी देठं गोळा केली. "उद्या नेसायला कुठली साडी काढू? त्या डॉक्टरला इस्त्रीची चालेल ना?"

दोघींनी मिळून सासऱ्यांना कुशीवर वळवलं, जखम पुसली, साडीची घडी बदलली. सासूबाईंचे हात व्यवस्थित चालत होते. बँडेजची टोकं त्यांनी माझ्यापेक्षा नीट कापली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सासऱ्यांचं अंग पुसलं, त्यांना पेज भरवली, आणि कपाटातून फोन काढून सासूबाईंसमोर ठेवला. डायपर तसेही मागवायचेच होते. रात्री झोप लागली नव्हती तेव्हा एक गोष्ट डोक्यात आली होती: मी दिवसभर ॲप तपासलं, पण त्या ऑर्डर कशा टाकतात ते एकदाही बघितलं नव्हतं.

"आई, ऑर्डर टाका. रोजच्या पद्धतीने. मी काही बोलणार नाही."

"परीक्षा घेतेस?"

"तुमची नाही."

त्यांनी चष्मा पुसला, पलंगाच्या कडेला बसल्या. पावणेदहा वाजले होते. त्या नेहमी ह्याच वेळी बसतात, सासऱ्यांचं सगळं आटोपल्यावर. डायपर निवडले. माप बघितलं. पत्त्याच्या पानावर आल्या, मुलुंडवर बोट ठेवलं आणि वर्गात वाचावं तसा अख्खा पत्ता पिनकोडसकट मोठ्याने वाचला. आणि फोन वाजला.

नणंद. ती बोरिवलीला असते. तिचा नवरा कामावर निघाला की ती रोज ह्या सुमाराला आईला फोन करते. बाबांना संडास झाली का, काय खाल्लं, जखम कशी आहे. सासूबाई सविस्तर उत्तरं देत होत्या. मी त्यांच्या हातातल्या फोनकडे बघत बसले, आणि मला आमच्या ऑफिसचे बारा फोन दिसले. त्यांतल्या एकातही सिम नाही. वायफायवर चालतात. बंद कपाटात राहतात. त्यांना कधी कोणाचा फोन येत नाही. फोटोंमध्ये जाऊन मी दहा सेकंदांत परत यायचे. चार मिनिटं कोणाशी बोलून आले नव्हते.

सासूबाईंनी फोन ठेवला. स्क्रीनवर ॲप परत आलं, थेट शेवटच्या पानावर. पत्ता अगदी खाली गेला होता, मोठ्या अक्षरांमुळे दिसत नव्हता. त्यांनी बटण दाबलं. मेसेज आला. घाटकोपर.

त्यांनी मेसेज वाचला आणि फोन माझ्याकडे दिला. "बघ. परत केलं मी."

"तुम्ही नाही केलं," मी म्हटलं. "मी बघत होते. तुम्ही नाही केलं."

ऑर्डर रद्द केली. नवरा खाली रिक्षा बघायला गेला होता. माझ्याकडे दहा मिनिटं होती. स्टेप्स लिहिल्या: पत्ता बदला, फोन येऊ द्या, चार मिनिटं बोला, परत या, निवडलेला पत्ता जाऊन पुन्हा 'मुख्य' आलेला असतो. पाठवल्या. सही मागे घेते असं खाली लिहिलं आणि मॅनेजरलाही टाकलं. मग सवयीने, केवळ सवयीने, मी आधीच्या तिन्ही ऑर्डरींच्या वेळा वहीत उतरवल्या आणि त्यांच्या फोनमध्ये आलेले कॉल लावून बघितले. सप्टेंबरची: ऑर्डरच्या आधी नणंदेचा कॉल. दुसरी: आधी कॉल. तिसरी, शनिवार, संध्याकाळी सव्वापाच.

शनिवारी कॉल नव्हता. दुपारपासून एकही नाही. नणंद त्या दिवशी स्वतःच घरी आली होती, आणि चारला परत गेली होती. ऑर्डर टाकताना कोणी मध्ये आलं नव्हतं. ॲपने पत्ता बदलला नव्हता; मुलुंड निवडलंच गेलं नव्हतं.

"काय बघतेस?" सासूबाईंनी विचारलं.

मी फोन खाली ठेवला असता तर चाललं असतं. पण त्या गणिताच्या बाई आहेत.

"दोन वेळच्या चुका ॲपच्या आहेत," मी म्हटलं. "शनिवारची नाही."

त्यांनी सासऱ्यांच्या अंगावरची चादर सारखी केली. मग म्हणाल्या, "शनिवारी मी पत्ता बघितला होता गो. घाटकोपर. मला वाटलं बरोबर आहे. मला वाटलं आपण तिकडेच आहोत." आणि थोड्या वेळाने, "किती वेळ वाटत होतं ते मला नाही सांगता येणार."

खालून नवऱ्याचा आवाज आला. मी शेजारच्या काकूंना सासऱ्यांजवळ बसवलं, सासूबाईंचा पदर पिनेने लावला, चपला पुढे केल्या. रिक्षात असताना डेव्हलपरचा फोन आला. "ताई, माझ्या स्वतःच्या फोनवर झालं. लगेच झालं. वाट लागली ना यार. पण तू सही का केलीस?"

"स्टेप्स नव्हत्या म्हणून," मी म्हटलं आणि फोन बंद केला.

डॉक्टरांनी सासूबाईंना घड्याळाचं चित्र काढायला लावलं, शंभरातून सात सात वजा करायला लावलं. वजाबाकी त्यांनी डॉक्टरांपेक्षा भराभर केली. घड्याळाचे काटे काढताना मात्र थांबल्या, आणि पेन्सिल तशीच धरून बसल्या. मग डॉक्टरांनी आमच्याकडे वळून विचारलं, पत्ता चुकण्याचा प्रकार किती वेळा झाला?

"तीनदा," नवरा म्हणाला.

"एकदा," मी म्हटलं. "शनिवारी. संध्याकाळी सव्वापाचला." आणि वही उघडून त्यांच्या पुढे ठेवली.