सरूच्या सत्त्वाची बरणी

सरू गेल्याचा फोन आला तेव्हा माझे दोन्ही हात कणकेत होते. फोन तिच्या मुलाचा, संतोषचा. "मावशी, आई गेली... सकाळी अंगणात पडली, माजलगावला नेईस्तोवर संपलं सगळं." मी परळीत, ती दिंद्रुडला. हात धुऊन निघाले तरी नखांत पीठ राहिलंच. पोचले तर ओसरीवरच्या बायका एकमेकींना सांगत होत्या, "लई सोशिक बाई. जन्मात कदी कशाची तक्रार केली न्हाई." तिथंच माझं डोकं तडकलं, ते महिना उलटून गेला तरी थंड व्हायचं नाव घेत नाही. मेलेल्याला सोशिक म्हटलं की जिवंत माणसं मोकळी होतात. मी तिच्या पायाशी जाऊन बसले.

आम्ही दोघी दिंद्रुडच्याच, शाळेत एका बाकावरच्या. लग्न होऊन मी परळीला आले, ती गावातच दिली. पुढं ती अंगणवाडीत मदतनीस झाली. ऊसतोडीला निघालेल्या बायका जाण्याआधी तान्ह्या पोरांसाठी तिच्याकडून गव्हाचं सत्त्व घेऊन जायच्या. गहू भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, सावलीत वाळवायचे, खमंग भाजून दळायचे. एकदा गडबडीत भाजायचंच राहिलं. दळलेलं वाया कशाला घालवायचं म्हणून तिनं त्यातलं चमचाभर पावाच्या कणकेत टाकलं. नातवाला बाजारचा पाव सोसत नाही म्हणून ती घरीच पाव करायची. तेलाच्या डब्याची भट्टी, त्यात कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांचे निखारे. त्या दिवशीचा पाव असा फुगला, वरून असा तांबूस झाला, की तिनं फोन करून मला बोलावून घेतलं. "बघ गं, साखरेचा कण घातला न्हाई, तरी गोड लागतंय!"

मी जरा शिकलेली, म्हणून मी तिला सांगितलं की याला माल्ट म्हणतात आणि ते विकत मिळतं. मग शहाणपणा सिद्ध करायला परळीची बाजारपेठ पालथी घातली. एकानं पोरांनी दुधात घालायची चॉकलेटी पावडर पुढं केली. दुसऱ्यानं औषधाच्या दुकानात पाठवलं. तिसरा तर आवाज खाली आणून म्हणाला, "बाई, तसलं पलीकडच्या गल्लीत भेटतंय, पर तुमी नका जाऊ तिकडं." तो दारूबद्दल बोलतोय हे माझ्या डोक्यात घरी आल्यावर शिरलं. सरू हसून हसून लोळली. "अगं येडे, कावून हिंडायलीस? तुझ्या गव्हाच्या पोत्यात हाय ते!"

मग मी घरी केलं आणि पहिल्याच वेळी भाजलं. आपला हातच तसा. भाजणी असो, रवा असो, बेसन असो, कढईतून काढल्याशिवाय आपल्याला पीठ डब्यात भरवत नाही. पाव विटेसारखा झाला. सरूनं मला अशी झापली की बस! "बाळाला द्यायचं असंल तर भाज. पावात घालायचं असंल तर त्यात जीव राहू दे. भाजलं की मेलं ते." शिवाय अर्धा किलो पिठाला अर्धाच चमचा, तोही लहान मुलाला औषध पाजायचा. जास्त झालं की पाव आतून गिच्च होतो.

अशा बाईच्या दहाव्याला तिच्या दिरानं काय ठेवलं, तर दुकानातला पाव, प्लास्टिकच्या पिशवीतून काढून. "वहिनीला पावाची आवड व्हती," असं वर ऐकवलं. मी म्हटलं, घरात बरणीभर सत्त्व आहे, भट्टी आहे, मला दोन तास द्या. तर म्हणाला, "ताई, पाव तो पाव. आता कुठं पसारा मांडता?" कावळा लगेच आला आणि चोच भरून घेऊन गेला. समाधानानं गेली, समाधानानं गेली, म्हणत सगळे उठले. मला त्या कावळ्याचासुद्धा राग आला.

दिरावर, कावळ्यावर, ओसरीवरच्या बायकांवर... किती दिवस रागावू? ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. ती जाण्याच्या चार दिवस आधी आमचं फोनवर बोलणं झालं होतं. ती म्हणाली, "लई दमल्यावानी होयलंय गं. डावा हात जड पडलाय, दोन रोज झाले." आणि मी म्हणाले, "मळून मळून पडला असेल. ते राहू दे, आधी सांग, माझा पाव आतून गिच्च का झाला?" ती म्हणाली, "चमचा कोणता घेतलास?" पुढची दहा मिनिटं ती मला चमच्याचं माप, पाण्याचं माप, फडकं किती ओलं ठेवायचं ते समजावत राहिली. हाताचा विषय तिनं परत काढला नाही. मीही काढला नाही. परळीत दवाखाने आहेत, आमच्या दारात रिक्षा थांबते. ये म्हणाले असते तर ती आली असती.

गेल्या आठवड्यात दिंद्रुडला गेले, तेव्हा सरूची सून रेखा हिनं ती बरणी माझ्या हातात ठेवली. "मावशी, तुमीच न्या. किडं होऊ न्हाईत म्हणून चांगलं खरपूस भाजून ठिवलंय." माझा तोल गेला. "मारलंस की गं ते! सासूच्या हाताखाली आठ वर्षं काढलीस, एवढंही कळलं नाही?" पोर रडायलाच लागली. म्हणाली, "मला कुणी सांगितलंच न्हाई वो."

बरणी आता माझ्या ओट्यावर आहे. आत सरूचा तो औषधाचा चमचा तसाच खोचलेला. झाकण काढलं की खमंग वास घरभर होतो, पण पावाच्या कामाचं ते उरलेलं नाही. रेखाला मी दुसऱ्या दिवशी फोन करून माफी मागितली. तिचं काय चुकलं? तिला खरंच कुणी सांगितलं नव्हतं.

मला सांगितलं होतं.