आईच्या चपला लायनीत हायत

म्हसवडच्या स्टँडवर सांगलीची यष्टी लागली तवा मी रडायचं ठरवूनच आलते. पण आलं हसू! गाडी सुटल्यावर आई टाटा करत हुती ती माझ्या मागच्या खिडकीला. तिथला म्हातारा बाबा पण बिचारा मनापासनं टाटा करत हुता. मग कळलं, आईला आता धड दिसतच न्हाई. आन मग रडले, पार विट्यापातूर.

गावातल्या मावश्यांनो, आन माझ्यासारख्या पुण्या-सांगलीला पांगलेल्या पोरींनो, पुढचं ऐका!

आपल्याकडं दवाखान्यात लायन कशी लागती म्हायतीच हाय. दार उघडायच्या आदी चपला रांगेत ठेवायच्या आन आपण लिंबाखाली बसायचं. मागं डोळ्याच्या शिबिरात आईच्या चपला तिसऱ्या हुत्या. पण कुणा पुढाऱ्याचं पावणं आलं, चपलांवर पाय देऊन आत गेलं, आन आईचा नंबर येस्तवर ऑपरेशनला न्यायची गाडी भरली. तवापास्नं तिनं मोतीबिंदूचं नावच टाकलं. "एक डोळा चालतोय की," म्हणायची.

मी हितं सांगलीच्या सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स. पंखा खडखड करतोय, पण ऑपरेशन फुकट आन डॉक्टर मॅडम एक नंबर! सा म्हयनं फोनवर भांडले तवा कुठं आई आली.

सकाळी ड्यूटीवर जाऊन बघते तर टोकनच्या मशीनपुढं आईच्या चपला! आन तिचं बघून मागं अजून धा-बारा जोड! जतच्या, कवठ्याच्या बायका, सगळ्या भिंतीला टेकून निवांत. वॉचमन शिंदेमामांनी कपाळाला हात लावला. "सिस्टर, दवाखाना हाय का देवळाचं दार?"

मी आईच्या कानात म्हणाले, "चल, मागच्या दारानं नेते. मॅडम ओळखीच्या हायत."

आई केवढ्यांदा वरडली! "व्हय गं भवाने, मग तुझ्यात आन त्या पावण्यांत फरक काय ऱ्हायला? माझ्या चपला पयल्या हायत. माझा नंबर मीच घेणार."

अख्खी लायन हसली. मी लालबुंद.

शिंदेमामा तरी काय करणार? एकेक टोकन काढलं आन चपलांच्या लायनीनं एकेका जोडावर ठेवत गेले. आईचं टोकन पयलं! मदी कुणीबी घुसलं न्हाई, कसम!

तपासण्या झाल्या, दोन दिवसांनी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी सुटल्यावर आईचं पयलं वाक्य, "अगं बया, तोंडावर पुटकुळ्या किती गं तुझ्या!" मी वॉर्डातच नाचले. लय लय लय आनंद!

गेल्या आठवड्यात सांगली स्टँडवर सगळं उलटं. ती खिडकीत, मी खाली. बरोब्बर माझ्याकडं बघून हात केला आन वरडली, "वेणी नीट घाल!" तिच्या पायात माझ्या सँडल. सवताच्या चपला मुद्दाम माझ्या खोलीच्या दारात सोडून गेली. "डाव्या डोळ्याचा नंबर लावलाय. हलवू नगंस."

आदी घर म्हणलं की म्हसवडच डोळ्यापुढं यायचं. आता ड्यूटीवरनं दमून येते, दारात त्या चपला दिसत्यात, आन वाटतं आई आत चहा टाकतीय. रोज झाडून काढते, पण चपलांच्या कडंकडंनं.

नंबर हलाय नको.