ओल्यात दिसलेलं आभाळ

"दाजी, आधी तो थिनरचा बोळा खाली ठेवा. नाहीतर मी बादली उचलून घरी जातो."

"अरे, पण एका फटक्यात साफ होईल की!"

"होईल, पार साफ होईल. ही काच नाही दाजी, काचेचं सोंग घेतलेलं प्लास्टिक आहे. थिनर लागला तर असं तडकेल, की आजच्या भेगा बऱ्या म्हणायची पाळी येईल."

दाजींनी बोळा ठेवला, पण तोंड काही ठेवलं नाही. खुर्ची ओढून ते अंगणातच बसले आणि घोटूमामा आता काय दिवे लावतो ते बघू लागले.

घोटूमामा हे नाव भाच्यांनी पाडलेलं. उभी हयात त्यानं फरश्या घोटल्या. पायांपेक्षा गुडघ्यांवरच तो जास्त चालला असेल; गुडघे असे निबर झाले होते, की त्यावर कुणी नारळ फोडला असता तरी त्याला पत्ता लागला नसता. फरशी तयार झाली की नाही हे बघायची त्याची स्वतःची रीत होती. फरशीला गाल लावायचा, उजेडाकडे तोंड करायचं आणि खाली बघायचं. स्वतःच्या नाकातले केस दिसले की काम झालं. साऱ्या गावाला त्यानं असे आरसे घातले, पण स्वतःच्या घरातली फरशी मात्र खरखरीत. बायको एकदा घसरून आपटली होती, तेव्हापासून तिनं त्याचं पॉलिश उंबऱ्याबाहेर ठेवलं होतं.

ज्या गाडीच्या छपरावरून हा वाद चालला होता, ती त्याच्या थोरल्या बहिणीची, आक्काची. आक्कानं उभं आयुष्य एका धुलाईखान्याच्या तळघरात कपडे पिळण्यात काढलं. खिडकी नाही, झरोका नाही, वर नुसत्या वाफेच्या नळ्या. सुटका झाल्यावर तिनं काय करावं? गाडी चालवायला शिकली आणि एका गॅरेजच्या कोपऱ्यातून जुनी, दोघांपुरती गाडी उचलून आणली. का, तर तिला पारदर्शक छप्पर होतं. पण ते छप्पर वर्षानुवर्षं उन्हात भाजून बारीक भेगांनी भरलं होतं. आत बसून वर बघितलं की कोळिष्टकाखाली बसल्यासारखं वाटायचं. सूर्य दिसायचा, पण चुरा होऊन.

दाजी त्या गाडीला खुराडं म्हणायचे. त्यात आपण मेलो तरी बसणार नाही, असंही गल्लीभर सांगायचे. रोजची कटकट ऐकून आक्का विटली आणि शेवटी एकदाचा शब्द देऊन बसली. दुपारी भंगारवाला येईल. तोवर आतून आभाळ दिसलं तर गाडी राहील, नाहीतर त्याच्या टेम्पोवर चढेल. मग तिनं भावाला निरोप धाडला. घोटूमामा वाचनालयाच्या हॉलची फरशी अर्धी टाकून, मालकाला "आलोच" सांगून धावत आला होता.

छपराचा पत्रा म्हणावा तर पत्रा नाही, काच म्हणावी तर काच नाही, असा तो तुकडा खटके काढून उतरवला आणि दोन स्टुलांवर घोंगडी टाकून तिच्यावर ठेवला. घोटूमामानं नख फिरवून बघितलं. नख अडखळत होतं, पण रुतत नव्हतं. एका कोपऱ्यातली भेग सोडली तर सगळं दुखणं वरवरचं होतं. त्याला एकदम उकळ्या फुटल्या. जुन्या स्लिपरचा तळ कापून त्याचा ठोकळा केला, त्याला वॉटर पेपर, म्हणजे पाण्यानं ओला करून घासायचा खरकागद, गुंडाळला, बादलीत साबणाचा थेंब टाकला आणि घासायला भिडला. पहिला कागद खरखरीत, भेगा खरवडून काढायला. पांढरं पाणी घोंगडीवरून ओघळायला लागलं. घोटूमामा घासता घासता शीळ घालू लागला, कमरेतनं डोलू लागला. फरशी कधी कमरेच्या उंचीवर येते का? आज गुडघ्यांना सुट्टी होती आणि त्या आनंदात सगळं अंगच नाचत होतं.

भेगा गेल्या. नख सुळकन फिरलं. इतक्यात टेम्पो वाजला आणि भंगारवाला अंगणात आला.

आता इथं घोटूमामाच्या हातानं घात केला. फरशी झाली की शेवटी बादलीभर पाणी ओतायचं आणि मालकाला बोलवायचं, ही त्यांच्या धंद्याची जुनी खोड. ओली फरशी हसते आणि हसत्या फरशीत कुणी खोट काढत नाही. हात सवयीनं बादलीकडे गेला, पाणी सपकन तुकड्यावर पडलं आणि काय सांगावं, तुकडा झऱ्यासारखा नितळ! खालच्या घोंगडीचा धागा न् धागा दिसायला लागला. जन्मभर लोकांना दाखवलेल्या चमकेला घोटूमामा स्वतःच भुलला.

"आक्का, बस गाडीत!" तो ओरडला.

आक्का पदर खोचून स्टिअरिंगमागं बसली. घोटूमामानं एक बाजू धरली, दुसरी दाजींच्या हातात कोंबली आणि दोघांनी तुकडा तिच्या डोक्यावर धरला. आक्कानं वर बघितलं. एक ढग होता, पतंगासारखी गिरकी घेणारी घार होती. आक्काचं तोंड लहान पोरीसारखं उघडं पडलं.

पण ऊन कडक होतं. पाणी कडेकडेनं सुकत चाललं आणि मागोमाग कागदाच्या रेघांची पांढरी साय धरत आली. आधी घार गेली. मग ढग गेला. शेवटी मधला हातभर तुकडाही मिटला.

"घोट्या," आक्का खालून म्हणाली, "आभाळ होतं रे. आत्ताच गेलं."

"ताई, वर दूध सांडलंय का?" भंगारवाल्यानं विचारलं.

दाजी इतके हसले, की तुकडा हातातून सुटता सुटता राहिला. उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग, असं ते म्हणाले आणि मेव्हण्याच्या गुडघ्यांकडे बघून पुन्हा हसले. घोटूमामाचं तोंड त्या तुकड्याइतकंच पांढरं झालं होतं. पण आक्कालाच हसू अनावर झालं. स्टिअरिंगवर डोकं टेकून ती हसली, इतकी की कपाळ भोंग्यावर दाबलं गेलं आणि भोंगा वाजतच राहिला. मग डोळे पुसत ती उतरली आणि भंगारवाल्याला म्हणाली, "तू पुढच्या गल्ल्या फिरून ये. आभाळ मी बघितलंय. ते आत आहे, फक्त बाहेर काढायचंय."

भंगारवाला गेला आणि अंगणात नुसती झुंबड उडाली. आता बारीक कागद. घोटूमामा आडवं घासणार, त्याच्या रेघा आक्का त्याहून बारीक कागदानं उभं घासून मिटवणार, की पुन्हा घोटूमामा आडवा. आधीची एकही रेघ राहिली तर कागद बदलायचा नाही. रेघा शोधायला तिसऱ्याचे डोळे हवे होते. दाजी आधी नाक मुरडत वाकले, मग एक रेघ सापडली, मग दुसरी, आणि बघता बघता दुसऱ्याच्या कामातली खोट काढायची त्यांची हयातभराची हौस भलतीच उपयोगी पडली. "इथं एक राहिली, आळशांनो," असं म्हणताना त्यांचा चेहरा खुलून आला होता.

कागद संपले, पॉलिशची पेस्ट आली. पेस्ट घोटायला मऊ सुती कापड हवं होतं. घोटूमामानं चौफेर बघितलं आणि त्याची नजर दाजींच्या नव्या बनियनवर थांबली. आक्काचीही तिथंच थांबली. दाजींनी एक पाऊल मागं घेतलं, पण बहीण-भावापुढं त्यांचं काय चालणार? पुढचं सगळं काम त्यांनी उघड्या अंगानं पाहिलं.

घोटूमामा हलक्या हातानं, गोल गोल घोटत राहिला. जोर लावला तर हे सोंगाडं तापून चिकट होतं. मधेच दाजी प्रेमानं बादली घेऊन आले, तर तो अंगावर धावून गेला. आता पाण्याचा थेंब नको, जे बघायचं ते कोरडं. शेवटी त्यानं तुकड्याला गाल लावला आणि उजेडाकडे बघितलं.

"दिसले?" आक्कानं विचारलं.

"सगळे. एक पिकलाय."

कोपऱ्यातली खोल भेग तेवढी राहिली. तिच्या मागं लागलं असतं तर तुकडा पापुद्रा झाला असता. खटके बसले, आक्का आत बसली, आणि ती वर बघायच्या आधीच पलीकडचं दार उघडून दाजी शेजारी जाऊन बसले, तसेच उघडेबंब. मेलो तरी बसणार नाही म्हणणारा माणूस मान मागं टाकून आ वासून बसला होता.

"उतरा," आक्का म्हणाली, "माझ्या भावाला पहिली चक्कर द्यायचीय."

"तो रोज फरशीत आभाळ बघतो. चल तू."

भंगारवाला परत आला तेव्हा अंगणात दोन स्टुलं, ओली घोंगडी आणि पेस्टनं माखलेलं बनियन उरलं होतं. त्यानं माल कुठाय म्हणून विचारलं.

"माल फिरायला गेलाय," घोटूमामा म्हणाला, "मालकिणीला आणि मालकालाही घेऊन."

स्लिपरचा तुकडा खिशात घालून तो वाचनालयाकडे निघाला. तिथला मालक दारातच उभा होता, "आलोच" या शब्दाचा अर्थ विचारत. घोटूमामानं मशीन लावलं आणि राहिलेली फरशी उरकली. मालक घाईला आला होता. झालं असेल तर पाणी मारून दाखव, म्हणाला. घोटूमामानं बादलीकडे बघितलं, गालातल्या गालात हसला आणि बादली पायानं लांब सरकवली.

"वाळू द्या की जरा," तो म्हणाला, आणि गुडघ्यांवर बसून कोपरे घोटायला लागला.